नथ घातलेली मरळ

भास्कर,

तुझी काचेची पेटी आता माझ्या ओसरीवर आहे. वहिनींनी ती बैलांच्या दमणीत गवताच्या गादीवर ठेवून, वर ओलं पोतं टाकून पाठवली. मासे वेगळ्या घागरीत आले. गाडीवानानं पेटी उतरवली आणि निरोप सांगितला, "बाईनं सांगतलं, रोज थोडं थोडं पानी बदलवा, सारं एकदम नोका बदलवू. अन् मास्तरले म्हणा, मासोळ्यायले इतिहास नोका शिकवू."

तू गेल्यावरही तुझ्या घरात माझी टवाळी चालू आहे, हे ऐकून बरं वाटलं. इतक्यात बरं वाटलेली ही एकच गोष्ट.

पेटी डाव्या कोपऱ्यात अजून झिरपते. ती तू टिनवाल्याकडून चौकट करवून घेऊन बनवलीस तेव्हापासून झिरपते आहे. लढाईच्या दिवसांत काच मिळत नव्हती, म्हणून तडकलेल्या काचेवर तू काचा बसवायच्या लांबीचे लेप चढवत राहिलास. त्या कोपऱ्याखाली तू जी वाटी ठेवायचास ती मात्र वहिनींनी पाठवली नाही. मी माझी ठेवली आहे. तिच्यात थेंब पडतो तेव्हा मला उगाच वाटतं, तू मागे उभा राहून खाकरतो आहेस.

वाचनालयाच्या अंकासाठी तुझ्यावर लेख मागितला होता. दिला. त्यात तुझा जन्म आहे, शिक्षण आहे, गुरांच्या दवाखान्यातली नोकरी आहे आणि सचोटी आहे. फक्त तू नाहीस. हा दुसरा लेख आहे आणि तो छापायला द्यायचा नाही. ज्याच्या तलावाच्या लग्नाला आपण दोघं गेलो होतो तो दवनीवाड्याकडचा मालगुजार, एवढा मोठा जमीनदार, स्वतः काही वाचत नाही, पण त्याला वाचून दाखवणारे पुष्कळ आहेत.

मी थकलो आहे, भास्कर. रडून नव्हे, ऐकून. माणूस गेला की गावाला बोलायची सुट्टी मिळते. तुझी शोकसभा शाळेच्या सभागृहात झाली. अध्यक्ष रायसाहेब होते. गेल्या उन्हाळ्यात ज्यांच्या घोडीला तू रेचक दिलं होतं, तेच. त्यांनी तुला दीपस्तंभ म्हटलं. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या आपल्या लोकांना दीपस्तंभाचं एवढं वेड का असावं, कोण जाणे. त्या सभेत मी एक गोष्ट केली. ती तुला सांगायची आहे, म्हणून लिहायला बसलो. पण तिथवर यायला आधी माशांवरून यावं लागेल.

पेटीत पहिल्यांदा आणलेली ती जोडी आठवते? कुडव्याच्या वाटेवर धानाच्या बांधीत पाणी आटत आलं होतं, तिथून तू पंचात धरून आणलेले ते दोन चपटे मासे. करंगळीएवढे. एकाच्या अंगावर निळे-तांबडे पट्टे, पंखांना तांबडी किनार, आणि पाठीवरचा पंख मागे टोकदार होत गेलेला. दुसरा मातकट, पोटाशी फुगलेला, कोपऱ्यात राहणारा. त्यांचं नाव तुलाही ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. मी पट्टेवालीचं नाव ठेवलं मालगुजारीण. "दागिने बघ की," मी म्हटलं. तू दुसऱ्याचं नाव ठेवलंस मास्तर. "रंग बघ," तू म्हणालास, "अन् कोपरा बघ. मास्तर नाही तर काय?"

श्रावणात मालगुजारीण पाण्याच्या वर येऊन तोंडानं बुडबुडे सोडू लागली. बुडबुड्याला बुडबुडा चिकटवून तिनं पानाखाली फेसाचं एक घरटं केलं. मग मास्तरला घेऊन ती त्या फेसाखाली गेली. त्यानंतरचं तू वहिनींना बघू दिलं नाहीस म्हणे, आणि वहिनी म्हणाल्या होत्या, "चार पोरं झाली मला, आता माशांची लाज धरू का?"

दुसऱ्या दिवशी तू सायकल मारत शाळेत आलास. मी सातवीला पानिपत शिकवत होतो. तू दारात उभा राहून म्हणालास, "मास्तर, अभिनंदन. तू बाळंत झालास."

वर्ग त्या वर्षी पानिपत शिकला नाही.

मातकट मास्तर मादी निघाला होता. पोटाशी फुगलेली ती अंडी होती. आणि दागिन्यांनी मढलेली, घरटं बांधणारी, अंडी सुटून खाली पडली की तोंडात उचलून परत फेसात ठेवणारी, ती मालगुजारीण नर होती. एवढंच नाही, अंडी झाल्याबरोबर त्यानं बायकोला इतकं हुसकावलं की तू तिला घागरीत काढून ठेवलीस. वहिनी पेटीपुढे पदर खोचून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई घागरीत निजून आहे आणि बाप पोरं सांभाळतो आहे. असं घर आपल्या अख्ख्या गोंदियात दाखवा कोणी मला."

त्यावर आपण पुष्कळ दिवस हसलो. मी माझं तत्त्वज्ञानही काढलं होतं: झगमगाट दिसला की समजावं, हा नर आहे आणि कोणावर तरी छाप पाडतो आहे. दरबारी फेटे, मखमली अंगरखे, रायसाहेबांची बिल्ल्यांची माळ, सगळं त्याच खात्यात. तू म्हणालास, "सगळ्या माशांना हा नियम लागू नाही. बहुतेकांत काहीच कळत नाही. नर अन् मादी सारखी. आपण उगाच ओळखलं म्हणतो."

हे तुझं वाक्य मी विसरलो नव्हतो. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ तेच.

फेसातली पिल्लं सुईच्या टोकाएवढी झाली आणि तुझी ख्याती तिरोड्यापर्यंत गेली. ढोरांचा डॉक्टर माशातले नर-मादी सांगतो. लोकांचा हिशेब साधा होता: ज्याला गाईबैलातलं कळतं त्याला माशातलंही कळलंच पाहिजे, सरकार त्याला पगार देतं. तू सांगत राहिलास की बाबांनो, गाईबैलातलं तुम्हालाही कळतं. कोणी ऐकलं नाही.

मग मालगुजाराचं बोलावणं आलं.

त्यानं नवा तलाव बांधला होता. पावसाळ्यात तो भरला, आणि मार्गशीर्षात त्याचं लग्न ठरलं होतं. आता आपल्याकडची रीत, की तलावाचं लग्न लागेपर्यंत बांधणाऱ्याच्या घरच्यांनी त्याचं पाणी तोंडात घ्यायचं नाही. मधोमध लाकडाचा खांब रोवतात, त्याला हळद लावतात, वाजा वाजतो, जेवणं होतात. ते मला ठाऊक होतं. इथं एक भर होती. मालगुजाराच्या आईनं नवस बोलला होता की लग्नाच्या दिवशी तलावात माशांची जोडी सोडायची आणि त्यातल्या मादीला सोन्याची नथ घालायची. पुढच्या पावसाळ्यात त्या जोडीला पोरं दिसली, तर घरातही पाळणा हलेल. नाही दिसली, तर देवाचं उत्तर समजायचं.

उत्तर कोणाला मिळणार होतं, ते म्हातारीनं आपल्या दोघांसमोर सांगितलं. पाणी घेऊन आलेली लहानी मागे उभी होती. मालगुजाराची पहिली बायको मूल न होता वारली होती. ही दुसरी, म्हणून लहानी. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

"पोरं दिसली त बरं," म्हातारी म्हणाली. "नाई त बालाघाटची सोयरीक सांगून आलीच हाय. हिले माहेरी धाडून देऊ."

लहानीनं तांब्या खाली ठेवला, पाणी सांडलं नाही. मला ते अजून दिसतं. मी मनात हिशेब करत होतो, की दोन बायका झाल्या, तिसरी ठरते आहे, आणि या त्रैराशिकात मालगुजार स्वतः कुठंच नाही. त्याला मात्र फक्त फोटोवाल्याची चिंता होती. सरकारी माणूस दिसला की तो हिंदीवर येई. "क्यों डॉक्टरसाब, रोहू ठीक रहेगी ना? बडी चाहिए. फोटू में दिखनी चाहिए."

तू म्हणालास, "रोहू नको."

तेव्हा मला वाटलं, आता तू सगळं सांगणार. रोहूला अंडी घालायला वाहतं पाणी लागतं, साठलेल्या तलावात ती कितीही वर्षं ठेवा, पिल्लू होणार नाही, हे आपल्याकडचा मासे धरणारा कोणीही ढीवर सांगेल. म्हणजे रोहूची जोडी सोडली असती तर ती बाई त्याच दिवशी माहेरी गेल्यासारखी होती. पण मला आणखी हवं होतं. तू तिथंच सांगावंस की माशाच्या पोटाचा आणि बाईच्या पोटाचा काही संबंध नाही. म्हातारीला सांगावंस, तिथं बसलेल्या पुरोहिताला सांगावंस, पंचक्रोशीला सांगावंस.

तू काय केलंस? पुरोहिताकडे वळलास आणि इतक्या नम्रपणे बोललास की मला तुझी शंका आली. "महाराज, रोहू अंडी टाकून निघून जाते. मरळ पोरांना सोडत नाही. दोघं मिळून राखतात. लग्नाला शोभणारा मासा कोणता, ते तुम्हीच सांगा."

पुरोहितानं डोळे मिटले आणि मरळ शास्त्राला धरून आहे असं सांगितलं. मालगुजार थोडा नाराज झाला. मरळीचं तोंड सापासारखं, फोटोत काय दिसणार? पण शास्त्रापुढं फोटोवाल्याचं चाललं नाही.

परत येताना मी तुला विचारलं, "मरळीतली मादी ओळखता येते तुला? मार्गशीर्षात, पोटात अंडी नसताना?"

"बघू," तू म्हणालास.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी तुझ्याकडे आलो. शाळेतून थेट, हात खडूनं भरलेले. न्हाणीकडे निघालो तर वहिनी आडव्या आल्या. "तिकडं नका जाऊ भावजी, जनावर निघालंय." तूही म्हणालास, "मोठं आहे. अंगणातच हात धू." मी अंगणात हात धुतले. सापाला कोणी मारत का नाही, हे विचारायचं मला सुचलं नाही. आतून खळबळल्याचा आवाज येत होता आणि तू मोठमोठ्यानं बैलांच्या रोगांबद्दल बोलत होतास.

तलावाचं लग्न झोकात झालं. गोंदियाहून वाजा आला होता, नागपूरहून फोटोवाला. मालगुजार स्वतःच नवरदेवासारखा नटून आला होता. खांबाकडे कोणाचं लक्ष जाईना. ढिवरानं गंगाळात दोन मरळी आणल्या. तू धोतर खोचून बसलास, एक उचललीस, उलटी केलीस, पोटावरून अंगठा फिरवलास. दुसरी उचललीस. म्हातारी पुढं वाकली. लहानी त्या गर्दीत मला दिसली नाही.

"ही," तू म्हणालास.

"पक्का, डॉक्टरसाब?"

"पक्का."

तुझ्या आवाजात इतका भरवसा होता की क्षणभर मलाही वाटलं, याला काहीतरी कळलं आहे. सोनारानं केलेली ती बारीक नथ तू तिच्या वरच्या ओठाच्या कडेला अडकवलीस, आणि जोडी पाण्यात गेली. टाळ्या पडल्या. फोटोत तुझी फक्त पाठ आली.

दमणीत बसल्याबरोबर मी सुरू झालो.

"तू खोटं बोललास."

"सिद्ध कर."

"तूच म्हणतोस की बहुतेक माशांत कळत नाही."

"हाताला कळतं कधीकधी."

"भास्कर, तुझ्या डिग्रीचा शिक्का तू त्या नवसावर मारलास. उद्या पोरं नाही झाली तर ती बाई सरकारी मोहोरेनं वांझ ठरेल."

तू बैलांच्या पाठीकडं बघितलंस. मग म्हणालास, "अन् मी सगळं खरं सांगून निघून आलो असतो, तर?"

"तर निदान खरं सांगितलं असतं."

"हो," तू म्हणालास, "आपण दोघं छान झोपलो असतो."

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि तुझ्या तापानं तुला गप्प करेपर्यंत चाललं. मधून मधून आपण इतर गोष्टींवरही भांडलो, पण ते चवीपुरतं.

पुढच्या पावसाळ्यात तलावात पिल्लं दिसली. आधी ढिवरांना, मग सगळ्यांना. मालगुजारानं तुला-मला गाडी पाठवली. तलावाच्या पाळीवर, अख्ख्या बांधावर, ही गर्दी. काठाच्या कमळपानांजवळ तांबूस-केशरी ठिपक्यांचा एक गोळा पाण्यावर तरंगत होता, शेकडो पिल्लं एकत्र, आणि गोळ्याखालून मधूनच एक काळी पाठ वर येऊन हवा घेऊन जात होती. कोणीतरी ओरडलं, "नथ दिसली, नथ!" मलाही चमकल्यासारखं दिसलं. म्हातारीनं लहानीच्या कपाळाला कुंकू लावलं. बालाघाटची सोयरीक त्या दिवशी मोडली.

मी आनंदलो. मग घरी येता येता मला तुझी पेटी आठवली, फेसाखाली पहारा करणारी ती मालगुजारीण आठवली, आणि मी म्हटलं, "पिल्लं राखत होती ती नथवाली असेल, तर तू नथ बापाला घातलीस."

तू इतका हसलास की गाडीवानानं बैल थांबवले. "मरळीत दोघंही राखतात, मास्तर."

"पण तुला कळलं होतं का?"

"पिल्लं झाली ना?"

"ते उत्तर नाही."

ते उत्तर तू कधी दिलंच नाहीस. दिवाळीच्या फराळाला मी विचारलं, तुझ्या मुलीच्या लग्नात विचारलं, तू निवृत्त झालास त्या दिवशी हार घातल्यावर विचारलं. तू दरवेळी नवीन काहीतरी सांगायचास. कधी खवल्यांचा रंग, कधी डोळ्यांतला भाव. एकदा म्हणालास की मादी तुझ्याकडं बघून लाजली. मला राग यायचा. मी ज्या एका माणसाला खरं मानत होतो, त्यानं एका गावासमोर छातीठोक थाप मारली होती, का त्याला खरंच काही येत होतं, यातलं एकही मला ठरवता येत नव्हतं.

रागावूनही रोज संध्याकाळी मी तुझ्याकडेच यायचो, हेही लिहून ठेवतो. माझी बायको गेली तेव्हा लोकांनी मला गीतेपासून गरुडपुराणापर्यंत सगळं ऐकवलं. तू काही बोलला नाहीस. पेटीजवळ नेलंस, हातात तांब्या दिलास आणि म्हणालास, "थोडं काढ, तेवढंच नवं घाल. सगळं एकदम बदललं तर मरतात." महिनाभर मी रोज तेच केलं. ते माशांबद्दल होतं असं मी तेव्हा समजत होतो.

तुझ्या तेराव्याला लहानी आली होती. आता ती काही लहानी राहिली नाही. केस पांढरे झालेत, म्हातारी जाऊन खूप वर्षं झाली, घराच्या किल्ल्या हिच्या कमरेला. मूल तिला झालं नाही. पण त्या पिल्लांनंतर तिला माहेरी धाडायचं नाव कोणी काढलं नाही. नवस फळतो आहे, थांबा, असं म्हणत वर्षं गेली, मालगुजाराचं वय गेलं, आणि शेवटी तिनं बहिणीचा मुलगा दत्तक घेतला. तो मालगुजाराच्या पुतण्यांच्या डोळ्यांत सलतो. तिनं तलावातल्या शिंगाड्यांचं पोतं आणलं होतं. वहिनी आणि ती मागच्या पडवीत शिंगाडे निवडत बसल्या होत्या. मीही तिथंच टेकलो, पुढच्या ओसरीवर फार तत्त्वज्ञान चाललं होतं म्हणून.

बोलता बोलता मी म्हटलं, "नथीचं काही त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही."

लहानीनं वहिनींकडं बघितलं. वहिनींनी मान हलवली.

"मास्तर, तुमी अजून बी तेच धरून बसून राहिले का?" ती म्हणाली. "डॉक्टरायले काईच नोतं समजलं."

"म्हणजे?"

"तलावाच्या लग्नाच्या पहिले मी इथंसा आली होती. वहिनीजवळ रडली. डॉक्टर म्हणे, बाई, या दिवसात मरळीचे नर-मादी मले ओळखता येत नाई, अन् येते म्हणनारा झूठ बोलते. दोन सोडले त दोन्ही नर निघतीन नाई त दोन्ही मादी. तुमी टोपलीभर सोडा. टोपलीभरात जोडी होतेच."

वहिनी शिंगाडा सोलत म्हणाल्या, "मरळ ओल्या टोपलीत मरत नाही लवकर. न्हाणीत होती टोपली, रात्री यांची ढिवरीण घेऊन गेली. तुमचं जनावर ते."

"वाजा समोर वाजून राहिला होता," लहानी म्हणाली. "सारे तिकडं नथ पाहून राहिले होते. मी अन् आमची ढिवरीण मांगच्या पाळीवरून टोपली पान्यात उलटी केली. एक मरळ माह्या पायावरून गेली. मले वाटलं, जीवच गेला."

हातातला शिंगाडा तसाच राहिला. मग विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

लहानी संकोचली. वहिनींनी सांगितलं, बायको तुझीच ना. "ते म्हणायचे, मास्तर भला माणूस आहे. पण त्याच्या पोटात खरं टिकत नाही. त्याला कळलं तर तो बाजाराच्या दिवशी मधोमध उभा राहून सांगेल, आणि वर म्हणेल, निदान खरं तर सांगितलं."

आता काय म्हणू, भास्कर? तू मला बरोबर ओळखलं होतंस. मी तुला ओळखलं नव्हतं. मला वाटायचं, तुला कळल्याचं तू सोंग केलंस. तू तर आपल्याला कळत नाही एवढंच नेमकं जाणून होतास, आणि त्याच्यावरच सगळं उभं केलंस. पण सगळं मान्य करणार नाही. पुढं होऊन म्हातारीला कोणीतरी सांगायला हवं होतं, हे मी अजून म्हणतो. तू असतास तर म्हणाला असतास, कोणी म्हणजे कोण? आणि आपण पुन्हा दमणीत बसल्यासारखे भांडलो असतो. ते भांडण आता मला एकट्यालाच दोन्ही बाजूंनी चालवावं लागतं. दमतो मी.

शोकसभा त्याच्या दुसऱ्या दिवशी झाली. रायसाहेबांच्या दीपस्तंभानंतर मालगुजार उठला. काठी टेकत, पण फेटा तोच. मागे दोन पुतणे. त्यानं तलावाच्या लग्नाची गोष्ट सांगितली. दरवेळी ती वाढत गेली आहे. आता तू मासा हातातही घेत नाहीस, दुरून एक नजर टाकतोस आणि सांगतोस. मग तो थांबला. दोन पुतण्यांपैकी मोठा हळूच म्हणाला, ऐकू जाईल इतपत हळू, "कोन जाने काका, त्या टायमाले काय झालं होतं त. मरळी पावसात कुठूनही चढून येतात. मंग नवस फळला कुठं?"

सभेत खसखस पिकली. मालगुजाराचा चेहरा उतरला. बायकांच्या बाजूला लहानी बसली होती. दत्तक घेतलेला तिचा तरणा मुलगा दाराशी उभा होता. तिनं खाली बघितलं नाही. सरळ माझ्याकडं बघितलं.

"मास्तर थे वहाँ," मालगुजार म्हणाला. "मास्तर झूठ नहीं बोलते. पूछो उनको."

सगळे माझ्याकडं वळले. आयुष्यभर मी ज्याची वाट बघितली होती ते मला आयतं मिळालं: भरलेली सभा, अध्यक्ष, फेटे, आणि पोटात पूर्ण खरं. रायसाहेबही कान देऊन ऐकत होते, हे तुला पटणार नाही.

मी उभा राहिलो. म्हटलं, "मी तिथं होतो. डॉक्टरांनी मादी ओळखली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"पक्का?" मालगुजारानं विचारलं.

"पक्का."

टाळ्या पडल्या. मी खाली बसलो. लहानीनं पदर सारखा केला. घरी येऊन मला झोप छान लागली नाही, तेवढं तुझ्या माहितीसाठी.

आता ओसरीवर बसलो आहे. पेटीत तुझे शेवटचे दोन मासे आहेत. थंडीत रंग उतरलेत, दोन्ही मातकट. पाठीवरचा पंख टोकदार आहे की नाही, हे माझ्या चष्म्यातून दिसत नाही. नर कोणता, मादी कोणती, की दोन्ही एकच, मला सांगता येत नाही आणि विचारायला कोणी नाही. श्रावण लांब आहे.

म्हणून आज सकाळी मी पंचा घेऊन कुडव्याच्या वाटेवर गेलो. बांधीत अजून थोडं पाणी आहे. पोरंसोरं हसत होती, म्हातारा मास्तर चिखलात काय शोधतो म्हणून. जितके हाताला लागले तितके घेऊन आलो आणि सगळे पेटीत सोडले. निवडले नाहीत.